पातय तेल, जाड तेल: अकोल्यातल्या एका गाडीचं प्रकरण

जानेवारी २०२४, सकाळचे साडेसात. सरांच्या अंगणात आम्ही तिघं उभे होतो: सर, त्यांचे नेहमीचे मिस्त्री आणि मी. पारा अकरा अंशांवर होता. सरांनी किल्ली फिरवली, इंजिन लागलं आणि चेनच्या कव्हरमागून पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा आवाज सुरू झाला. मी मनात मोजत होतो. चौथ्या सेकंदाला ऑइलचा लाल दिवा विझला, आणि त्याच्या मागोमाग आवाजही गेला. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा मात्र तसाच राहिला. तो आठवडाभरापासून लागलेला होता.

"चेन गेली, सर," मिस्त्री म्हणाले. "पूर्ण किटच टाका लागते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. अकोल्यात माझं ऑइल आणि स्पेअर्सचं दुकान आहे, आणि आठवीत सरांनी मला विज्ञान शिकवलंय. त्यामुळे कुठलाही खर्च आला की ते आधी मला बोलावतात. मी एवढंच विचारलं, "यात आत्ता तेल कोणतं आहे?"

"एप्रिलात ट्वेंटी-फिफ्टी टाकलं," मिस्त्रींनी सांगितलं. म्हणजे २०डब्ल्यू-५०: डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड तेलाचा, नंतरचा गरम तेलाचा, आणि आकडा मोठा तेवढं तेल जाड.

गाडी २०१४ ची हॅचबॅक. १.२ लिटर पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी टायमिंग चेन, आणि इनटेकच्या बाजूला व्हीव्हीटी, म्हणजे तो कॅमशाफ्ट गरजेप्रमाणे पुढेमागे सरकवणारी रचना. त्या दिवशी काट्यावर १ लाख १८ हजार किलोमीटर होते. सरांच्या ड्रॉवरमध्ये गाडीबरोबर आलेली पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती. तेलाच्या पानावर पहिली पसंती ०डब्ल्यू-२० ला होती, आणि खालच्या तक्त्यात ५डब्ल्यू-३० चालेल असं दिलेलं होतं. २०डब्ल्यू-५० चं नाव पानावर कुठेच नव्हतं.

आता एप्रिल २०२३ मध्ये काय झालं ते. सर्व्हिसला दोन महिने असताना सरांनी डिपस्टिक ओढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. मिस्त्रींचं निदान सरळ होतं: गाडी लाखावर चालली, पिस्टनच्या रिंगा सैल झाल्या, तेल पातळ आहे म्हणून खाते. वर वऱ्हाडातला उन्हाळा. त्यांचं वाक्य सरांनी मला जसंच्या तसं सांगितलं: "हे पातय तेल पान्यासारखं हाय, सर. तुमच्या पुस्तकात अकोल्याचा उन्हाया हाय काय?"

वाक्य फेकण्यासारखं नाही. मिस्त्री ज्या गाड्यांवर काम शिकले त्या ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि जीप. त्या इंजिनांमध्ये बेअरिंगची फट मोठी असायची, ऑइल पंप साधा, आणि त्यांना २०डब्ल्यू-४०, नाहीतर नुसतं ४० नंबरचं तेल लागायचं. तिथे पातळ तेल टाकलं तर गरम झाल्यावर प्रेशर पडायचं आणि गेजचा काटा खाली यायचा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मधल्या काळात इंजिनं बदलली. सवय राहिली.

तर एप्रिलात २०डब्ल्यू-५० पडलं, बरोबर बाजारात मिळणारा एक स्वस्त फिल्टरही. आणि खरं सांगायचं तर उन्हाळा झकास गेला. इंजिन जरा शांत झालं, तेल कमी होणं जवळपास थांबलं, सर खूश. ॲव्हरेज लिटरमागे साधारण दीड किलोमीटरने घसरलं, पण ते एसीच्या नावावर खपलं. पावसाळाही निघाला. डिसेंबरात थंडी पडली, सकाळी खडखड सुरू झाली आणि जानेवारीत दिवा लागला.

स्कॅनर लावला तर कोड निघाला पी००११. म्हणजे इनटेक कॅमशाफ्ट कंप्युटरने सांगितलेल्या जागेवर वेळेत येत नाहीये. हा कोड दिसला की बरेच जण लगेच व्हीव्हीटीचा सोलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडझाप करणारा विजेचा व्हॉल्व्ह, बदलतात. पण कॅमशाफ्ट पुढेमागे फिरवण्याचं काम करतं कोण? इंजिनाचं तेलच. बारीक वाटांमधून, छोट्या जाळीतून जाऊन ते कॅमच्या टोकावरच्या फेझरमधल्या कप्प्यांत भरतं आणि कॅम सरकतो. किती वेळात सरकायला हवा, याचा हिशेब कंपनीने पातळ तेल धरून केलेला असतो. चेनचा टेन्शनरही तेलाच्याच दाबावर चेनला रेटून धरतो. तेल उशिरा पोचलं की चेन तेवढा वेळ मोकळी, आणि तोच तो फुटाण्यांचा आवाज.

इथे सरांनी एक चांगला प्रश्न काढला. तेलाच्या घट्टपणाला ते विष्यंदिता म्हणतात, मी विस्कॉसिटी, मिस्त्री जाड-पातय. "अरे, डब्ल्यू म्हणजे विंटर ना? मग तो आकडा बर्फाळ देशांसाठी. अकरा अंशांना काय थंडी म्हणायची?"

बरोबर आहे. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या तेलाच्या वर्गवारीत डब्ल्यूच्या आधीचा आकडा ठरवायला तेल ज्या तापमानाला तपासतात, ते अकोल्यातच काय, महाबळेश्वरातही कधी येत नाही. इंजिन फिरवताना तेल किती अडवतं ही चाचणी ०डब्ल्यू साठी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यू साठी उणे ३० ला, २०डब्ल्यू साठी उणे १५ ला. पंपाला तेल ओढता येतं का, ही चाचणी प्रत्येकाची आणखी पाच अंश खाली. म्हणजे नियमाच्या भाषेत २०डब्ल्यू तेल अकरा अंशांना खुशाल चालतं. इंजिन लागणार नाही असं होत नाही.

पण म्हणून फरकच नाही, असं नाही. दुकानातल्या डब्यांच्या डेटा शीटवर ४० आणि १०० अंशांचे आकडे छापलेले असतात. त्यावरून मधल्या-खालच्या तापमानाचा अंदाज काढता येतो, आणि तो मी तिथेच सरांच्या वहीत काढून दाखवला. नेहमीचं २०डब्ल्यू-५० अकरा अंशांना हजार सेंटीस्टोकच्या (घट्टपणा मोजायचं एकक) आसपास जातं. ५डब्ल्यू-३० अडीचशे-पावणेतीनशे. ०डब्ल्यू-२० साधारण एकशे सत्तर. म्हणजे त्या सकाळी सरांच्या इंजिनात कंपनीच्या हिशेबाच्या सहापट घट्ट तेल होतं.

सरांना पटलं ते याच्या पुढचं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ०डब्ल्यू-२० तेल साडेआठ सेंटीस्टोकच्या आसपास असतं. इंजिनाला खरं हवंय तेवढंच. मग तीस अंशांच्या सकाळी हेच तेल किती? पासष्टच्या आसपास. म्हणजे आपण ज्याला पाणी-पाणी म्हणतो ते तेलही थंड इंजिनात गरजेपेक्षा सातआठ पट जाडच असतं. वैशाखातल्या सकाळी चालू करतानासुद्धा तेल पातळ पडलंय असं कधी होतच नाही. मिस्त्री हे ऐकत होते. बोलले काही नाहीत, पण वही त्यांनी हातात घेऊन पाहिली.

प्रेशरचंही तसंच. जाड तेलाने प्रेशर वाढतं, हे खरं. पण ऑइल पंप दर फेरीला ठरावीक तेल ढकलतो. पुढे वाट अडली की दाब चढतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं तेल परत चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याकडे, सोडतो. काटा वर दिसतो, बेअरिंगपर्यंत मात्र तेल कमी जातं. तेल फारच घट्ट असेल तर फिल्टरमधला बायपासही उघडतो, आणि मग तेवढा वेळ तेल गाळलं न जाताच इंजिनात फिरतं.

इतकं असूनही मुळातला प्रश्न तसाच होता. एप्रिलात तेल कमी का झालं? ते न शोधता नुसतं पातळ तेल परत टाकलं असतं, तर दोन महिन्यांत डिपस्टिक पुन्हा कोरडी, आणि मिस्त्री बरोबर ठरले असते.

मी मिस्त्रींना प्लग काढायला सांगितलं. पहिल्या सिलिंडरची कॉईल वर आली ती कोरडी. दुसरीही. तिसरी काढताना रबर चिकटल्यासारखं झालं, "फुळ्ळ" असा आवाज आला आणि कॉईलच्या टोकाला काळपट तेल लोंबत वर आलं. बॅटरी मारून आत पाहिलं तर प्लगच्या विहिरीत बोटभर तेल साचलं होतं, प्लगचा षट्कोन त्यात बुडालेला. चौथीतही थोडं होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि विहिरींच्या रिंगा कडक होऊन गेल्या होत्या. नखाने दाबल्या तर तुकडे पडले. कव्हरच्या मागच्या कडेने, एक्झॉस्टच्या बाजूला, तेलाचा ओघळ सुकून त्यावर धूळ बसलेली. अशा ठिकाणी गळालेलं तेल जमिनीवर पडत नाही, गरम पत्र्यावर जळून जातं. म्हणून फरशीवर डाग नाही, धूरही निळा नाही, आणि तेल मात्र कमी.

२०डब्ल्यू-५० ने तेल कमी होणं थांबवलं ते असं. जाड तेल फटीतून हळू झिरपतं. पिस्टनच्या रिंगांचा यात काही संबंध नव्हता. खात्री म्हणून कॉम्प्रेशन पाहिलं. चारही सिलिंडर एकमेकांच्या पाच टक्क्यांच्या आत निघाले. त्याबरोबर इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही हलवून पाहिला, तर त्यात मळ बसून तो अडकलेला. तो बंद पडला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, दाब साचतो आणि जिथे पॅकिंग कमजोर तिथून तेल ढकलतो. दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू.

आणखी एक गोष्ट निघाली, तिचं मला हसू आलं आणि सरांना राग. सरांच्या पोर्चला रस्त्याकडे उतार आहे, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. गाडी रोज तिथेच उभी, आणि डिपस्टिकही तिथेच ओढली जायची. आम्ही गाडी सपाट रस्त्यावर घेतली, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा पाहिलं. तेलाची पातळी तीन-चार मिलिमीटर वर आली. एप्रिलातल्या "तेल संपलं" मध्ये गळतीइतकाच या उताराचाही हात असणार. किती, ते आता सांगता येत नाही.

आता तेल कोणतं टाकायचं? हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे पुस्तिकेत दोन उत्तरं होती आणि दोन्ही बरोबर.

मिस्त्रींचा दुसरा आक्षेप असा होता: "कंपनीले काय भाऊ, तिले ॲव्हरेज दाखवाचं रायते. इंजिन तुमचं जाते." यातही अर्धं खरं आहे. सरकारचे सरासरी इंधनवापराचे नियम गाड्यांना एप्रिल २०१७ पासून लागू झाले आणि २०२२ पासून आणखी कडक झाले. पातळ तेलाकडे कंपन्या वळल्या त्यात या दबावाचा वाटा मोठा आहे. पण ०डब्ल्यू-२० सांगणारी कंपनी बेअरिंगची फट, पंप, रिंगांचा ताण आणि व्हीव्हीटी हे सगळं त्या तेलाला जुळवून बनवते. नंतर नुसता डब्यावरचा आकडा बदललाय, असं नाही.

बाहेरच्या उन्हाचं काय? थर्मोस्टॅट आणि पंखा पाण्याचं तापमान नव्वदच्या आसपास धरून ठेवतात, बाहेर पंचवीस असो की पंचेचाळीस. डब्ल्यूनंतरचा आकडा शंभर अंशांनाच मोजलेला असतो, तो हवामान खात्याच्या पाऱ्यावर ठरत नाही. तरी मी मिस्त्रींना पूर्ण खोडलं नाही. छोट्या गाडीत ऑइल कूलर नसतो. चेंबर खालून वाऱ्यावर थंड होतं, आणि वाराच पंचेचाळीस अंशांचा असेल तर तेल काही अंश जास्त तापणारच. गावात भाजी आणायला जाताना याने काही बिघडत नाही.

म्हणून मी सरांना तेलाबद्दल काही न विचारता विचारलं, "गाडी जाते कुठे?"

मुलगी नागपूरला. महिन्यातून दोनदा फेरी, आणि समृद्धी झाल्यापासून कारंज्यावरून तिकडे वळायचं. तिथे गाड्यांना १२० ची मर्यादा आहे, आणि सर, वय बहात्तर, ती मर्यादा पूर्ण वापरतात. या गाडीत त्या वेगाला काटा साडेतीन हजारांच्या आसपास असतो, तास-दीड तास सलग, एसी चालू, मे महिन्यातही.

अशा वेळी डब्यावरच्या मोठ्या आकड्यांपेक्षा एक न छापलेला आकडा कामाचा असतो: १५० अंशांना, जोराच्या घासणीत तेलाचा थर किती तग धरतो. त्याला एचटीएचएस म्हणतात. २० ग्रेडला तो किमान २.६ हवा, ३० ला २.९, ५० ला ३.७. बेअरिंगमध्ये धातू धातूला लागू न देणारा थर तो हाच. सरांच्या गावातल्या वापराला २.६ पुरतो. सलग १२० ने मेमध्ये, १ लाख १८ हजार चाललेल्या इंजिनात, मला थोडी जास्त गादी हवी होती. आणि पुस्तिकेने ती परवानगी दिलेलीच होती. ५डब्ल्यू-३० अकरा अंशांना २०डब्ल्यू-५० च्या चौथ्या हिश्श्याइतकंच घट्ट असतं, त्यामुळे व्हीव्हीटी आणि टेन्शनरची अडचण नव्हती.

५डब्ल्यू-४० चाही विचार झाला. शेल्फवर होतं, आणि त्यात मला सुटतातही जास्त, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते पुस्तिकेच्या तक्त्याबाहेर होतं आणि इंजिनाची अंतर्गत झीज कुठे दिसली नव्हती. कॉम्प्रेशन कमी निघालं असतं, किंवा गरम इंजिनावर प्रेशर पडत असतं, तर माझं मत वेगळं झालं असतं. एकच सांगतो, नवीन गाड्यांपैकी काहींच्या पुस्तिकेत आता ०डब्ल्यू-१६ आहे. तिथे सरांचं हे उत्तर उचलून लावू नका, त्या पुस्तिकेत दुसरा पर्याय आहे का ते पाहा.

काम एका दिवसात झालं. पॅकिंग आणि विहिरींच्या रिंगा नवीन, पीसीव्ही नवीन, व्हीव्हीटीची जाळी काढून धुतली. तिच्यावर काळा चिकट मळ होता. जुनं तेल इंजिन गरम असतानाच सोडलं आणि मिस्त्रींना सांगून पूर्ण निथळू दिलं. एरवी बोल्ट लवकर लागतो. फिल्टर कंपनीचा. तेल एपीआय एसपी दर्जाचं ५डब्ल्यू-३०, खुणेच्या वर नाही, दोन खुणांच्या पाऊण उंचीवर. चेन किट टाकलं नाही. सोलेनॉइडही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेरा अंशांना गाडी लावली. दिवा सेकंदाभरात गेला आणि आवाज त्याच्या आत. कोड पुसला होता, तो परत आला नाही.

पण निष्कर्ष काढताना एका ठिकाणी मला अडखळायला होतं. आम्ही तेल आणि फिल्टर एकाच दिवशी बदलले. फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो, गाडी रात्रभर उभी असताना तेल खाली उतरू नये म्हणून. स्वस्त फिल्टरात तो कधी कधी नीट बसत नाही, आणि मग सकाळी पंपाला रिकामा फिल्टर आधी भरावा लागतो. नेमका तसाच आवाज होतो. खडखडीत तेलाचा वाटा किती आणि पडद्याचा किती, हे वेगळं करायला फिल्टर आधी आणि तेल आठवड्याने बदलायला हवं होतं. सर दोनदा चेंबर उघडायला तयार झाले नसते. कोडच्या बाबतीत शंका जरा कमी आहे. चालत्या, गरम गाडीतही तो येत होता आणि पडद्याचा संबंध फक्त सुरुवातीशी. पण धुतलेल्या जाळीलाही थोडं श्रेय द्यावंच लागेल.

ॲव्हरेजचं म्हणाल तर सरांनी वही ठेवली, टाकी फुल ते फुल. फेब्रुवारी-मार्चमध्ये आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांइतकं परत आलं. एसी त्या दिवसांत दोन्ही वर्षी बंदच असतो, म्हणून ही तुलना मी धरतो. मेची धरत नाही.

पहिल्या ५,००० किलोमीटरमध्ये तेल दोनशे मिलिलिटरच्या आसपास कमी झालं, सपाट रस्त्यावर मोजून. दहा वर्षांच्या इंजिनाला हे माफ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा थंडी पडली, तेव्हा मी मुद्दाम साडेसातला गेलो. चेनचा एक हलकासा "टर्र" ऐकू आला, अर्ध्या सेकंदाचा. टेन्शनर किंवा चेन थोडी झिजलीय एवढं त्यातून कळतं, आणि दीड लाखाला कव्हर उघडून पाहायचं ठरलंय. मिस्त्रीही होते तिथे. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "आता खोलाचं काम नाही."

एप्रिलात आणलेल्या २०डब्ल्यू-५० च्या डब्यात अर्धा लिटर उरलं होतं. सर काही फेकत नाहीत. ते त्यांच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना जातं, आणि फाटक अजिबात वाजत नाही.